कॉलेज रोडवरचा वाडगा

मखमलाबादच्या नवसाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात जेवायचं आवतण आलं, ते नवरा गेल्यावर सहा महिन्यांनी.

आवतण छायाचं. कॉलेज रोडला तिचं व्हिएतनामी नूडल्सचं लहानसं हॉटेल होतं. व्हिएतनाममधल्या एका हॉटेलात तीन वर्षं स्वयंपाक करून ती हे शिकून आली होती. तिला लागणारा तुळशीसारख्या पानांचा सब्जा, पुदिना, गवती चहा नवसाबाईंचे यजमान गोटीराम मळ्यात पिकवायचे आणि बुधवारी-शुक्रवारी स्वतः पोचवायचे. ते गेल्यापासून सून पूजा स्कूटीवरून माल टाकून यायची. नवसाबाईंचं त्या वाफ्यांवरनं मनच उडालं होतं. सब्जा उपटून तिथं मेथी टाकायची, हे छायाला तोंडावर सांगायचं म्हणून त्या सुनेच्या मागं बसून आल्या.

दुपारचा एक वाजला होता. कॉलेजची पोरं काड्यांनी शेवया ओढत होती. छायाने दोघींना खिडकीपाशी बसवलं, नवसाबाईंसमोरच्या काड्या उचलून चमचा ठेवला. दोघींसमोर एकेक भलामोठा वाडगा आला. कोंबडीच्या पाण्यासारख्या रश्श्यात तांदळाच्या शेवया, बाजूच्या ताटलीत सब्ज्याचे डहाळे, लिंबू, मिरची. फोडणी द्यायची राहिली की काय, असं नवसाबाईंना वाटलं.

"काका पण याच खुर्चीवर बसायचे," छाया म्हणाली.

"बसायचे म्हंजे?"

"माल दिला की जेवूनच जायचे. दोन वर्षं."

नवसाबाईंचा चमचा हातातच राहिला. दोन वर्षं गोटीराम बुधवारी-शुक्रवारी घरी येऊन चतकोर भाकर खायचे आणि भूक नाय म्हणून उठायचे. नवसाबाईंनी ओव्याचा काढा दिला, शहरातल्या डॉक्टरकडं नेलं, एकदा तर रागानं दोन दिवस अबोला धरला. पुढं ते झटक्यानं गेले, तेव्हा नवसाबाईंच्या मनानं घेतलं, की माणूस आतून खंगत होता आणि आपल्याला कळलं नाही. सहा महिने हेच त्यांना खात होतं.

"मला कधी बोलले नाय," त्या म्हणाल्या.

छाया जरा घुटमळली. तिनेच एकदा गोटीरामांना म्हटलं होतं, काकूंनाही घेऊन या. त्यावर ते काय म्हणाले, ते तिनं त्यांच्याच शब्दांत सांगितलं. "नको. तिला वाटंल, तिच्या हाताची चव गेली."

नवसाबाईंना असा राग आला, की त्या उठून दारापर्यंत गेल्या. पूजाने अडवलं नाही. काचेपलीकडं रिक्षा जात होत्या. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की माणूस खंगत नव्हता. जेवत होता, पोटभर, आवडीनं.

परत येऊन त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि ते हे कसं खायचे, एवढंच विचारलं. छायाने पानं चुरडून टाकली, लिंबू पिळलं, वर मिरच्या. चार चमच्यांनंतर नवसाबाईंच्या कपाळावर घाम आला.

"बरं लागतंय," त्या पूजाला म्हणाल्या. "मीठ कमी हाय."

छायाने मीठ आणून ठेवलं. दोघींनी वाडगे संपवले.

निघताना नवसाबाईंनी छायाला सांगितलं, की शुक्रवारी सब्जा-पुदिना त्या स्वतः घेऊन येतील, पूजाला पोरीच्या शाळेत मीटिंग आहे. असली कुठली मीटिंग नव्हती. पूजाने स्कूटी सुरू केली.