पुलाच्या अलीकडे

व्हिडिओ गेम हा मानवाच्या कथनपरंपरेचा पुढचा टप्पा आहे. हे वाक्य मी बोरिवलीतल्या एका वाचनालयाच्या परिसंवादात ऐकलं आणि गंभीरपणे मान डोलावली. पंखा बंद असूनही वक्ते अंगावरची शाल काढत नव्हते. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, तुम्ही कोणता गेम खेळता? ते म्हणाले, "छे हो, आपल्याला कुठे वेळ!"

माझा अधिकार त्यांच्याहून जरा मोठा होता. मी एकच गेम वर्षभर बघत आलो होतो. खेळायची मुलगी, मी सोफ्यावर बसायचो. युद्ध संपल्यावर एक सैनिक खेचर घेऊन डोंगरातून घरी निघालाय, एवढीच गोष्ट. वाटेत गावं लागतात, माणसं भेटतात, आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. संवाद इंग्रजीत. बायको शेजारी मेथी निवडत असायची. तिचं लक्ष नाही असं वाटायचं, पण पडद्यावर कुणी गहिवरलं की लगेच विचारायची, "काय म्हणतोय तो?" मग मी भाषांतर करायचो. सरळ भाषांतरात मजा येईना, म्हणून खेचर विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी आमच्या गावची मालवणी दिली.

"व्हया तर घेवन जा, पण माघारी हाडलंस तर बघ."

"बाबा, तो असं काहीही म्हणाला नाही," मुलगी म्हणाली.

"भावार्थ तोच आहे."

"अरे, तो फक्त 'गुड लक' म्हणाला!"

"त्याच्या डोळ्यांत पाणी आहे," बायको म्हणाली. "नुसतं गुड लक कसं म्हणेल?"

मुलीच्या मैत्रिणी असले संवाद बटण दाबून उडवून टाकायच्या. आमच्याकडे ते शक्य नव्हतं. पुस्तकं मी आयुष्यभर वाचली, पण पुस्तक मिटल्यावर त्यातली माणसं काय करत असतील असा प्रश्न मला कधी पडला नाही. इथे मुलगी पाणी प्यायला उठली तरी तो सैनिक उभाच. एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घ्यायचा, पाठीवरचं ओझं सारखं करायचा, मागे वळून आमच्याकडे बघायचा.

मुलगी नोकरीसाठी कॅनडाला गेली तेव्हा बॅगेत भाजणीचं पीठ गेलं आणि गेमचं यंत्र वजनात न बसल्यामुळे इथेच राहिलं. सैनिक तेव्हा नदीकाठी, कोळ्यांच्या एका गावात होता. समोर लाकडी पूल, पलीकडे त्याचं घर.

"मी डिसेंबरात येते," ती म्हणाली. "मग तिघं मिळून जाऊ. तोवर पूल ओलांडायचा नाही. शपथ?"

"शपथ."

डिसेंबरात रजा मिळाली नाही. मे महिन्यात तिकिटं फार महाग होती. गणपतीत बघू, असं ठरलं.

मी दुपारी यंत्र लावायला लागलो. खेळायला नव्हे. मला चालणं आणि थांबणं एवढंच यायचं. सैनिकाला नदीच्या अलीकडेच, काठाकाठाने फिरवून आणायचो. त्या गावात मासे दोरीवर एकेकटे टांगलेले होते. मुलगी लहान असताना तिला होडीने गोराईला नेलं होतं. तिथे बांबूंवर बोंबील जोडीजोडीने, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले बघून तिने विचारलं होतं, "हे भांडतायत का?" पडद्यावर ते गाव पहिल्यांदा आलं त्या संध्याकाळी ती मागे न वळताच म्हणाली, "बाबा, ह्या लोकांना एकदा गोराईला पाठवायला हवं." मी रोज तिथे जायचो ते त्या वाक्यासाठी.

ऑगस्टमध्ये एका दुपारी दाराची बेल वाजली. कुरियर होतं. मी हातातला कंट्रोलर सोफ्यावर टाकून उठलो. तो दोन उशांमध्ये दाबला गेला असणार. सही करून परत आलो तर खेचर सैनिकासकट पुलाच्या मध्यावर. घाईत मी दिसेल ते बटण दाबलं आणि ते पळतच सुटलं. पलीकडे एक बाई उभी होती. तिने बोलायला सुरुवात केली.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय म्हणतेय ती?"

"विचारतेय, इतका उशीर का."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही."

पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक चाक फिरलं, म्हणजे इथवरचा प्रवास जपून ठेवला. आधीची जागा पुसली गेली. मी खेचर बरंच मागे ओढून पाहिलं, पण पूल आता बंद होता.

दोन रविवार मी मुलीशी फोनवर त्याबद्दल काही बोललो नाही. हवा, भाजी, पाणी, सगळं बोललो. तिसऱ्या रविवारी सांगून टाकलं. फोनच्या पडद्यावर मुलगी जवळ सरकली.

"बाबा, मी तो संपवलाय रे. इथे आल्यावर नवं यंत्र घेतलं, तोच गेम पुन्हा पहिल्यापासून खेळले. पहिल्याच थंडीत."

"कोणाबरोबर?"

"एकटीने. बाहेर बर्फ, आणि बोलायला कुणी नव्हतं. तू थांबलायस हे माहीत होतं, म्हणून मग सांगताच येईना."

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "ते राहू दे. तो घरी पोचतो की नाही?"

"सांगू?"

"सांग ना गं."

पलंगावर मांडी घालून, हातवारे करत, मधेच राहिलेलं आठवून मागे जात ती सांगायला लागली. मराठीतच सांगत होती, त्यामुळे मला काही काम नव्हतं. सैनिक अंगणापर्यंत आला, त्याने खेचर कुंपणाला बांधलं, दारावर हात ठेवला. तेवढ्यात तिने घड्याळाकडे बघितलं, "थांब हं, आलेच," म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या इमारतीत कपडे धुण्याचं मशीन सगळ्यांत मिळून एकच आहे, आणि कपडे वेळेत काढले नाहीत तर पुढचा माणूस ते काढून जमिनीवर ठेवतो.