चक्र थांबेपर्यंत

संगणकावरचं ते गोल चक्र फिरायला लागलं की अक्का डावा तळहात वर करायच्या, आणि आमच्या तालुक्याच्या कचेरीत भल्याभल्यांची तोंडं बंद व्हायची. सरपंच असो की साहेब, चक्र थांबेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. तेवढा वेळ अक्का ज्या गावाची नोंद करायची त्याचंच नाव पुटपुटत राहायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाई जपाला बसल्यात.

अक्का मूळच्या उदगीरच्या, दुकानदाराच्या घरातल्या. दुष्काळात टँकरच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या आणि शेजारचं टेबल माझं. "मशीन थांबलं की ध्यान फिरतंय," त्या म्हणायच्या, "अन् ध्यान फिरलं की टँकर फिरतोय."

हे शहाणपण फुकटात आलेलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात जांभळी खुर्दला टँकर द्यायचा होता. अक्कांनी नोंद उघडली आणि चक्र फिरत बसलं. तेवढ्यात एक ग्रामसेवक लग्नपत्रिका घेऊन आले. मुलगी कुठली, मुलगा काय करतो, सगळ्या चौकशा झाल्या. पडद्यावर गावांची नावं उमटली तेव्हा अक्कांच्या डोक्यात नुसती जांभळी उरली होती. बोट पडलं बुद्रुकवर.

दुसऱ्या दिवशी चूक कळली. अक्कांनी आधी टँकर खुर्दला वळवला, मग स्वतःही निघाल्या. मी सोबत होतो. बाया रिकाम्या घागरींशेजारी बसल्या होत्या. "चूक माझी हाय," अक्का म्हणाल्या. एक म्हातारी उठली आणि घरातून तांब्याच्या तळाशी उरलेलं पाणी घेऊन आली. "उन्हातून आलीस. आधी पाणी पी बाई, मंग बोल."

अक्का ते पाणी प्याल्या. हात वर व्हायला लागला तो तेव्हापासून.

पुढे नवं मशीन आलं, चक्र जेमतेम दिसायचं. "अक्का, आता जप अर्ध्यातच तुटतोय," मी चिडवायचो. "तुटू दे. सोडायचा न्हाई," त्या म्हणायच्या.

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. लातूरच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. "आई, हे तुमच्या कचेरीतले..." मुलगा सांगायला लागला. मी डावा तळहात वर केला. तो गप्प झाला.

बऱ्याच वेळानं अक्का बोलल्या. माझं नाव त्यांना आठवलं नव्हतं.

"जांभळी खुर्द," त्या म्हणाल्या. "पाणी पोचलं का?"



"पोचलं, अक्का."