अण्णाची पाचवी तार

मंडळी, आज दुपारपासून माझ्या पोटात दुखतंय. डॉक्टर नको, कारण मला ठाऊक आहे.

माझा चुलतभाऊ रंगाअण्णा याने पाच तारांची बास गिटार घेतलीय. ब्याऐंशीव्या वर्षी! तारा निवडायला मला जे. पी. नगरच्या दुकानात घेऊन गेला.

साठच्या दशकात आम्ही दोघं बेंगळुरूच्या बँडांत बास वाजवायचो. तेव्हा चारच तारा असायच्या. त्याचा मामा विलायतेहून त्याला नव्या तारा पाठवायचा. मी माझ्या जुन्याच तारा, मळ निघावा म्हणून, सारूच्या (रसमच्या) पातेल्यात उकळून परत चढवायचो.

आज त्याने दोन पाकिटं पुढे केली. "पाचवी जाड घेऊ की स्वल्प बारीक?"

ही सगळ्यात खालच्या सुराची तार. बारीक घेतली की ढिली पडते, नुसती फडफडते. माझ्या जिभेवर "बारीक" आलंच होतं.

"मला कायम नव्या मिळाल्या रे," अण्णा म्हणाला. "तारांतलं कळतं ते तुलाच."

मी "जाड" म्हणालो. तिथेच चढवली. काय घुमली म्हणून सांगू! काउंटरची काच थरथरली.

घरी आलो तरी दुखतंयच. चांगलं वागल्याचा एवढा पश्चात्ताप तुम्हाला कधी झालाय का?