दारातलं भोक

धुळ्यातलं एक जुनं घर तिथल्या एका समितीनं जपायला घेतलं, तेव्हा स्वयंपाकघराचं दार मीच दिलं. पाडलेल्या घरांचं सागवान विकत घ्यायचं आणि विकायचं, हा माझा धंदा. हातगाडीपासून वखारीपर्यंत मी तो एकट्यानं आणला. दार भडगावच्या एका घराचं होतं, एकसंध फळ्यांचं. समितीचे प्रमुख निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी दाराच्या खालच्या भागातल्या भोकात बोट घातलं आणि म्हणाले, "शेठ, हे किडलेलं लाकूड आहे." एवढ्यावर भाव पाडला. मी तावातावानं उठलो होतो, पण तोवर दार गाडीतून उतरलं होतं. किडलेलं लाकूड मी विकत नाही, हे मी त्यांना कधी विसरू दिलं नाही.

पुढच्या आश्विनात नानांचा निरोप आला. दिवाळीत घर लोकांना दाखवायला उघडायचं होतं, भिंतींना चुना चालला होता, आणि ते भोक बुजवायला त्याच रंगाचा जुना सागाचा तुकडा हवा होता. मी गुल्ली तासून खिशात घालून गेलो. ठोकण्याआधी दारासमोर उकिडवा बसलो आणि थांबलो.

कीड असं काम करत नाही. भोक गिरमिटानं पाडलेलं होतं, स्वच्छ गोल. कडीकोयंड्याचं म्हणावं तर फारच खाली. आणि बाहेरच्या बाजूला त्याच्या भोवतीचं लाकूड गुळगुळीत, तेलकट काळं झालं होतं, जसं डोकं टेकून टेकून होतं तसं. एवढ्या खाली कोणाचं डोकं टेकणार? नाना म्हणाले, उद्या सुतार येतोय, गुल्ली ठेवून जा. मी म्हटलं, सुताराला परवा बोलवा. गुल्ली खिशातच ठेवली आणि सकाळी भडगावची एसटी धरली.

ते घर ज्यांचं होतं, त्या घरची धाकटी लेक आता म्हातारी होऊन जवळच राहत होती. सगळे तिला अक्का म्हणत. दाराचं नाव काढताच ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"भाऊ, खाऊ दखानं भोक शे ते." खाऊ बघायचं भोक!

गुलाबाईचे दिवस तिनं मला सांगितले, जणू मी खानदेशातला नव्हेच. पोरी घरोघरी गाणी म्हणत फिरायच्या, शेवटी झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. ती सगळ्यांत लहान, तिला कधीच ओळखता यायचा नाही, रोज रडायची. एक दिवस आई नदीवर गेल्यावर तिच्या वडिलांनी, आबांनी, गिरमिट आणलं. त्यानंतर आपल्या घरी ती कधी हरली नाही. एवढी हुशारी पोरीत कुठून आली, याचं आईला मरेपर्यंत नवल वाटत राहिलं.

मी नानांना हे सांगितलं. त्यांनी पुरावा मागितला. मुख्याध्यापकच ते. पण त्याच संध्याकाळी गल्लीतल्या पोरी त्या घराच्या अंगणात गुलाबाई म्हणायला येणार होत्या, आणि आत नानांच्या मंडळी डब्यात काहीतरी भरत होत्या. नानांनी इकडंतिकडं पाहिलं, धोतर सावरलं आणि गुडघे टेकून डोळा भोकाला लावला. बराच वेळ उठले नाहीत.

"काय आहे?" मी विचारलं.

"शेंगदाण्याचे लाडू," ते हळूच म्हणाले. "सुताराला येऊ नको म्हणून सांगून टाका."

आता माझी वेळ होती. मी म्हटलं, कीड नव्हती हे ठरलं. तेव्हा भोकापायी जे कापलं ते परत द्या. नाना गुडघे झाडत उठले.

"शेठ, भोकाचे पैसे कापले होते. भोक तर अजून आहे."

मी अंगणभर ओरडलो. पोरींची गाणी क्षणभर थांबली. मग एकीनं माझ्या हातात लाडू ठेवला आणि गाणी पुन्हा सुरू झाली.

तो वाद अजून मिटलेला नाही. धुळ्याला गेलो की नानांशी भांडतो, आणि निघताना उकिडवा बसून आत बघतो. गुल्ली वखारीच्या गल्ल्यात आहे, कोणी मागितली तरी देत नाही.