भिगवणच्या माशाचा गुण

“सोडा सोडा सोडा सोडा, थांबू नका काका, अजून आहे आत, पोटातनं काढा, सोडा सोडा…”

शेळगावच्या शाळेतल्या त्या खोलीत मशीनवाली मुलगी अशी काही ओरडत होती, की बाहेरच्या रस्त्यानं चाललेला उसाचा ट्रॅक्टर आपल्यालाच कुणी सांगतंय असं समजून थांबला. ड्रायव्हरनं खाली उतरून चाकं तपासली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मुलगी अंगानं पेनाच्या कांडीएवढी, आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्याचा. तिचं कामच ते. फुप्फुसांच्या आजारांवर संशोधन करणारं एक पथक पुण्याहून आलं होतं. आमच्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसांना दम का लागतो, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी माणसानं छाती भरून श्वास घ्यायचा, एका नळीत तो जोरानं सोडायचा आणि आतला शेवटचा कण निघेपर्यंत सोडतच राहायचं. समोरच्या पडद्यावर त्याची रेघ उमटते. आपणहून कुणी एवढा सोडत नाही, म्हणून शेजारी उभं राहून ओरडावं लागतं.

खुर्चीत माझा थोरला भाऊ होता. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, डोळे बाहेर आलेले.

मुलगी एकदम थांबली. पडद्याकडं बघत म्हणाली, “काका, मधेच श्वास घेतलात तुम्ही.”

दादानं नळी काढली. “न्हाय.”

“रेघ बघा की. इथं उचललीय.”

“मग ती रेघंची चूक.”

“नाकाला तर चिमटा आहे. घेतलात कुठून?”

दादा माझ्याकडं बघून हसला. मला ठाऊक होतं कुठून. ओठाच्या कोपऱ्यातनं.

दादा तरुणपणी हुतुतू खेळायचा. सगळ्या इंदापूर तालुक्यात त्याच्या दमाला तोड नव्हती. तो ‘हुतुतू’ म्हणत पाटी ओलांडून गेला की बघणारे घरी जाऊन जेवून यायचे, आणि आले तरी हा अजून तिकडंच. एकदा तर एकाच दमात सातही गडी बाद करून, कडेला खुर्चीवर बसलेल्या सरपंचालाही हात लावून आला होता. यात थोडं माझं आहे. मी सांगतो त्यातलं निम्मं खरं असतं, कोणतं निम्मं ते विचारायचं नाही. पण हे मात्र पक्कं खरं, की दादा दम चोरायचा. म्हणता म्हणता बारीकसा श्वास आत ओढायचा, ओठ हलत राहायचे, आवाज तुटायचा नाही. एकाही पंचानं त्याला कधी धरलं नव्हतं. त्या दिवशी पेनाच्या कांडीनं धरलं.

“आणखी दोनदा फुंकायचंय,” ती म्हणाली. “आता चोरायचं नाही.”

“मी जिंकलो का पण?” दादानं विचारलं.

तिनं जुनी नळी फेकली. नवी नळी लावायला लागली.

दादाचा दम आखडून तेव्हा वर्ष-दीड वर्ष होत आलं होतं. आमचं रस्त्याकडेला गुऱ्हाळ आहे. गूळ बारामतीला मार्केट यार्डात पोचवायचं काम माझं. मी टेम्पो चालवतो आणि वाटेत जिथं चहा मिळेल तिथं गोष्टी सांगतो. चुलवाणात जाळ घालायचं काम दादाचं. रस निघालेल्या उसाचं चिपाड वाळवायचं आणि तेच जाळायचं. चिपाडाची गंज पावसात भिजते. वरनं सुकलेली दिसते, पण आत कुबट होते. दादा सकाळी त्यात हात घालून भारे ओढायचा, तेव्हा पिठाच्या गिरणीसारखा पांढुरका धुरळा उठायचा. त्यात दादा दिसायचा नाही, नुसता खोकला दिसायचा. संध्याकाळी त्याला कणकण यायची. वहिनी काढा करून द्यायच्या. जाळापुढं घाम येतो आणि मग वारं लागतं, असं आम्ही सगळेच म्हणायचो. एका डॉक्टरला टीबीचा संशय आला, पण थुंकीत काही निघालं नाही. दुसऱ्यानं दमा म्हणून ओढायचा पंप दिला. पंप ओढून दादा चार पावलं जास्त चालायचा, एवढंच.

अशात भिगवणला आमच्या बहिणीच्या घराचं बांधकाम निघालं. देखरेखीला दादा दहा दिवस तिकडं राहिला. मी टेम्पो घेऊन आणायला गेलो, तर हा उजनीच्या पाण्याकडनं वर येत होता. चढाची वाट, आणि हा थांबत नव्हता. मला बघितलं तशी शेवटची वीस पावलं त्यानं एका दमात ‘हुतुतू हुतुतू’ म्हणत टाकली आणि टेम्पोच्या बॉनेटवर थाप मारली.

“काय खाल्लंस?” मी विचारलं.

“चिलापी. दाजी रोज आणत्यात. दुसरं काय मिळतंय हितं.”

मला तेवढं पुरे होतं. भिगवण ते शेळगाव या वाटेत मी चार टपऱ्यांवर टेम्पो थांबवला, आणि चारी टपऱ्यांवर मासा वाढत गेला. पहिल्या टपरीवर चिलापी अर्ध्या किलोची होती. तिसरीवर तिला दोन माणसांनी उचलून आणलं. चौथीवर ती जाळ्यात बसून दादाशी बोलली, “मला खा, पण काटं नीट काढ. म्या जलमभर पाण्यात दम धरलाय, त्यो आता तुला घे.” दादा शेजारी बसून मान डोलवत होता. आठवडाभरात शेळगावात भिगवणच्या माशाचा गुण सगळ्यांना पाठ झाला. एका तात्यांनी गुडघ्यांसाठीही मागवला.

तर ती तपासणी झाल्यावर आम्हाला शेजारच्या टेबलावर पाठवलं. तिथं पथकातल्या मुख्य डॉक्टरीणबाई फॉर्म भरून घेत होत्या. चुलीचा धूर, बिडी, कोंबड्या, कबुतरं, लहानपणीचे आजार, एकेक विचारत होत्या. काम काय, म्हटल्यावर “गुऱ्हाळ आहे” असं मीच सांगितलं. गुऱ्हाळात दादा काय करतो, हे सांगायची पाळी आलीच नाही, कारण पुढचा प्रश्न आला.

“गाव सोडून दुसरीकडं राहिलं, की त्रास कमी होतो का?”

दादानं तोंड उघडलं, पण आमच्या घरात तोंड उघडण्यात माझा हात कुणी धरत नाही. मी सुरुवात केली. उजनीचं पाणी, दाजींचं जाळं, चढाची वाट. फुंकणारे थांबले, रांगेतली माणसं खोलीत आली. वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या मधेच म्हणाल्या, “तितं…”

“थांबा वहिनी,” मी म्हणालो, “मासा अजून बोलायचाय.”

मासा बोलला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. दादा हसता हसता इतका खोकला, की मुलीनं पाणी आणलं. बाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. माझ्या आयुष्यात एवढी रंगलेली गोष्ट दुसरी नाही.

मग वर्षभर आठवड्यातनं दोनदा मी भिगवणवरनं मासे आणले. गूळ घेऊन बारामतीला जायचं, तिथनं वाकडी वाट करून भिगवण, आणि सांजच्याला बर्फाच्या डब्यात चिलापी. वहिनी नाकाला पदर लावून त्या साफ करायच्या. त्यावरही मी गोष्ट केली होती. आमच्या वहिनी माशाला लाजतात, मासा परका पुरुष पडला ना, असं मी टपरीवर सांगायचो. दादा काटे बाजूला काढत मन लावून जेवायचा. “आज जरा मोकळं वाटतंय,” म्हणायचा. आणि सकाळी उठून चिपाडाच्या गंजीत हात घालायचा.

दिवाळीत तो अंगणातनं गुऱ्हाळापर्यंत दोनदा थांबायचा. उन्हाळ्यात चारदा. मी म्हणालो, मासे कमी पडतायत. मी आठवड्यातनं तीनदा आणायला लागलो.

पुढच्या वर्षी पथक पुन्हा आलं. तीच खोली, तीच मुलगी. ती ओरडायला लागली, पण तिला फार ओरडावं लागलं नाही. रेघ निघाली आणि लगेच संपली.

“ह्या वेळी चोरलं नाहीत काका?” तिनं हळूच विचारलं.

“चोरून ठिवायला जागा न्हाय आत,” दादा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षीचा फॉर्म शोधून काढला. दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या. मग मला म्हणाल्या, “तुमची ती भिगवणची गोष्ट. मी इथं लिहिलंय, दहा दिवसांत आराम. आता मासे जरा बाजूला ठेवू. तिथं काय होतं ते नको. तिथं काय नव्हतं?”

मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. असं माझं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

वहिनी दारातनंच बोलल्या. “तितं चिपाड न्हवतं.”

बाई उठल्या. आमच्याबरोबर गुऱ्हाळावर आल्या, तोंडाला मास्क लावला, काठीनं गंज उकलली. आतनं राखाडी धुरळा उठला, कुबट वास सुटला. त्यांनी एक मूठ पिशवीत भरून घेतली. संध्याकाळी ताप यायचा का? किती दिवस? सुट्टीच्या दिवशी? सगळी उत्तरं वहिनींनी दिली. दादा चुलवाणाच्या कट्ट्यावर बसून ऐकत होता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

“ही बुरशीची धूळ आहे काका,” बाई म्हणाल्या. “फार बारीक असते, श्वासाबरोबर खोल जाते. सगळ्यांना बाधत नाही. ज्याला बाधते त्याचं फुप्फुस सुजतं. धूळ थांबली तर सूज उतरते. वर्षानुवर्षं थांबली नाही, तर तिथं वण धरतो.”

“आन् वण?”

“वण जात नाही.”

“माजं काय हाय? सूज का वण?”

“स्कॅन केल्यावर सांगते.”

बारामतीला स्कॅन केला, रक्त तपासलं. त्या पिशवीतल्या बुरशीची खूण दादाच्या रक्तात सापडली. स्कॅनच्या फोटोत फुप्फुसाच्या कडेकडेनं बारीक भोकं होती, मध काढून घेतलेल्या पोळ्यासारखी. बाईंनी बोट ठेवून सांगितलं, “हे वण. जुने आहेत, पण गेल्या वर्षभरात वाढलेत.” मी माशाला बोलायला लावणारा माणूस. तो फोटो मी नुसता पाकिटात परत घातला.

दादानं त्या दिवसापासून चिपाडाला हात लावला नाही. गुऱ्हाळ आम्ही बंदच केलं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिने तो होता तिथं टिकून राहिला. मग थंडीत एक साधा खोकला आला आणि तो गेला नाही. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसभर त्याची घरघर, आणि दादाच्या नाकात नळी.

“दम चोरतोस का रं अजून?” मी एकदा उशाशी बसून विचारलं.

“चोराया हाय कुठं, लेका.” मग जरा थांबून म्हणाला, “त्या माशाचं सांग.”

मी सांगितलं. तो डोळ्यांनीच हसला, कारण खरं हसायला श्वास लागतो. त्याला दम लागेल म्हणून मासा मी अर्ध्या किलोचाच ठेवला. जाळ्यात बोलवलाही नाही. माझ्या तोंडून आखूड झालेली ती पहिली गोष्ट.

एका सकाळी मशीन चालू होतं आणि दादा नव्हता. वहिनींनी जाऊन बटण बंद केलं. त्या घरघरीची इतकी सवय झाली होती, की घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटलं.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. कसं झालं, ते त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, आमच्या फॉर्ममध्ये आता एक प्रश्न वाढवलाय. बरं वाटलं तिथं काय नव्हतं, असं आम्ही सगळ्यांना विचारतो. आणि घरातल्या बायकांना वेगळं बसवून विचारतो. मी बरं म्हणालो.

तेरावं झालं, पाहुणे गेले. वहिनी मागच्या दाराशी बसून भांडी घासत होत्या. माशाचं कालवण व्हायचं ती काळी कढई त्यांच्या हातात होती. मी पायरीवर बसलो. टेम्पोत बसून शंभर वेळा जुळवलेलं वाक्य तिथं एका दमात बोललो.

“वहिनी, पयल्या वर्षी शाळंत तुमी ‘तितं’ म्हणालात. तुमास्नी ठावं हुतं. मी बोलू दिलं असतं, तर वरीसभर आधी कळलं असतं.”

त्यांनी कढई पालथी घातली. तिच्यावरनं पाणी ओतलं.

“मला माशाचा वास सोसत न्हाय, भावजी,” त्या म्हणाल्या. “पयल्यापासनं. त्येबी कदी कुणी इचारलं न्हाय.”