निखारा आणि हातमशीन

माझे हिरामणमामा देवळाली कॅम्पात शिंपीकाम करायचे. जवानांचे युनिफॉर्म अंगाबरोबर करून द्यावेत ते त्यांनीच.

सत्त्याण्णव साली एकदा ते कोळशाच्या इस्त्रीनं शर्ट कडक करत होते. इस्त्रीतून निखारा निसटला आणि थेट त्यांच्या पावलावर पडला. मामा आपले गप्पा मारतायत! समोरचा जवान ओरडला, “मास्टरजी, आपका पैर!” तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं. कातडी जळत होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर कितीतरी दिवसांपासून वाढलेली होती. “तिनं पायांच्या नसा खराब केल्यात,” डॉक्टर म्हणाले. “रोज तळवे बघायचे. अनवाणी चालायचं नाही. गेलेली जाणीव परत येईल असं मी सांगत नाही.”

जखम भरायला अडीच महिने लागले. मामा पुन्हा मशीनवर बसले, पण पाय थांबवला असं त्यांना वाटायचं आणि पॅडल चालूच असायचं. एका हवालदाराच्या शर्टाची बाही त्यांनी तोंडाशी शिवून बंद करून टाकली. ती उसवून दिली आणि मशीनवर चादर टाकली.

मग मंगलामामीनं माळ्यावरची जुनी हातमशीन खाली काढली. “तुम्ही कापड धरा, मी दांडा फिरवते.”

“तुला शिवणातलं काय कळतं?”

“फिरवायला काय कळायचंय?”

कळायचं होतंच. मामीचा हात तिच्या तोंडाबरोबर चालायचा. बोलताना राग आला की मशीन सुसाट सुटायची. मामांनी ते हेरलं. पँटची लांब शिलाई आली की ते हळूच विचारायचे, “दिवाळीत तुझी जाऊ काय म्हणाली होती गं?” आणि कॉलरची गोलाई आली की, “आता देवाचं नाव घे, मंगला. सावकाश.” असं त्या दोघांनी आठ वर्षं शिवलं.

पाय मात्र मागेच पडत गेले. सायकल सुटली, काठी आली, मग वॉकर. पाऊल कुठे पडलंय हे खाली बघितल्याशिवाय मामांना कळेना.

दोन हजार पाचमध्ये गंगापूर रोडच्या कार्यालयात माझं लग्न झालं. नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं. आई त्यांना म्हणाली, “दादा, तू खुर्चीत बस. चंदर आणेल तिला.” चंदर म्हणजे माझे धाकटे मामा. हिरामणमामा खुर्चीकडे वळले. मीच म्हणाले, “दादामामा आले तरच मी खोलीबाहेर पडेन.”

आम्ही निघालो. मामांचे डोळे जमिनीला खिळलेले, गालिच्याच्या कडेवर त्यांचा वॉकर अडखळला. मी खाली बघायला लागले तर म्हणाले, “तू समोर बघ. खाली बघायला मी आहे.”

“मुहूर्त जवळ आलाय,” भटजींनी घाई केली.

“येतोय हो! नवरी कुठं पळून नाही जायची,” मामा म्हणाले. मांडव हसला.

अंतरपाटापाशी पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. पण हात माझ्या ब्लाउजच्या खांद्यावर गेला. तो ब्लाउज त्यांनी आणि मामीनंच शिवला होता.

“सैल झालाय,” ते पुटपुटले. “वाळलीस तू. माहेरी येशील तेव्हा आण, आम्ही बसवून देऊ.”