आकडेकाका आणि चौदा नंबरचं दार

आकडेकाका निवृत्त झाले तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीने हुश्श केलं होतं. एकतीस वर्षं हा माणूस दर महिन्याला विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला यायचा. कुणी तारेवर आकडा टाकून वीज ओढलीय, कुणी मीटरात काडी खुपसून चकती अडवलीय, हे त्यांना म्हणे जिन्यातूनच कळायचं. ते लिहायचे तेही आकडे आणि लोक टाकायचे तेही आकडे, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव विचारायला कुणी गेलं नाही.

वर्षभर बरं गेलं. मग एका सकाळी काका पुन्हा जिन्यात उभे. या वेळी काखेत फाइल आणि गळ्यात ओळखपत्र: मतदार नोंदणी, मदतनीस. गल्लीत एकच पळापळ झाली. तळमजल्यावरच्या न्हाव्याने सवयीने मेन स्विच बंद केला आणि गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर अंधारात बसवलं. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी पाणी तापवायची कॉइल खाटेखाली सरकवली, मग दार उघडलं. काका म्हणाले, "मावशी, नाव सांगा." मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे कॉइल नाही."

जो तो तर्क लढवू लागला. कुणी म्हणालं, त्यांना पक्षवाल्यांनी हाताशी धरलंय. न्हाव्याचं मत असं, की आधी यादी करतात, मग घरं खाली करायला सांगतात. मी कुणाच्या मताच्या नादी लागले नाही, कारण मला माझी वेगळीच धास्ती होती.

मी मुळातच संशयी. शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मी कॉलर लावते. दुसऱ्यांच्या हातच्या चुका उसवून उसवून नजर तशीच झालीय, आणि माणसांच्या बाबतीतही ती सुटत नाही. काकांनी माझ्या दाराशी येऊन विचारलं, "घरात मतदार किती?" मी उंबरठ्यावर आडवी उभी राहून म्हटलं, "एकटी आहे मी."

दाराशेजारच्या भिंतीवर माझं मीटर आहे. काकांनी त्याच्याकडे नुसती नजर टाकली. "बरं," म्हणाले आणि एकाचा आकडा लिहिला. पण जिना उतरताना थांबून त्यांनी मान वळवली आणि परत मीटरकडेच पाहिलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

कारण घरात आम्ही दोघी होतो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी माझी धाकटी बहीण दारात आली, पायात घरातल्या स्लिपर, हातात पिशवीसुद्धा नाही, एक कान सुजून काळानिळा. तिच्या नवऱ्याला माझं घर ठाऊक नव्हतं, त्याने नंतर दोनदा कारखान्यात माणसं पाठवली. मी हात वर केले. म्हटलं, लग्नानंतर तिचं तोंड पाहिलेलं नाही. तेव्हापासून धाकटी आमच्या मागच्या खोलीत होती. कामाला जाताना मी दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप घालायची, म्हणजे बघणाऱ्याला घर रिकामं वाटावं. ती नळ बारीक सोडायची, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायची, आणि आम्ही बोलायचो ते कुजबुजत. मला माझ्या हुशारीचं कौतुक होतं.

मग मी काकांवर पाळत ठेवली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्या मागे मागे हिंडले. एक गोष्ट मला खटकली. ते प्रत्येक दार दोनदा वाजवायचे. कुलूप असलेलं दारसुद्धा! एकदा वाजवून थांबायचे, पुन्हा वाजवायचे, आणि मग दाराला चक्क कान लावायचे. भल्या माणसाचं हे काम आहे का? चहाच्या टपरीमागे त्यांनी मतदानाचा सराव मांडला होता. लाकडी फळीवर घंटीची तीन बटणं, प्रत्येकापुढे इवलासा दिवा आणि एक, दोन, तीन असे आकडे. दाबलं की दिवा लागायचा. काका सांगत होते, "एकच दाबायचं, आणि कुणी सांगितलं म्हणून नाही दाबायचं." मावशींनी तिन्ही दाबली. म्हणाल्या, कुणाला वाईट वाटायला नको. सगळे हसले. मला हसू आलं नाही, माझं लक्ष त्यांच्या फाइलकडे होतं.

रविवारी दार वाजलं. एकदा, मग पुन्हा एकदा. धाकटी मागच्या खोलीत गेली. काकांच्या हातात दोन अर्ज होते.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक तुमचं नाव तपासायला. दुसरा कोरा आहे."

"कोऱ्याचं मी काय करू?"

"ते तुम्हालाच ठाऊक असेल, ताई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यानेच पाठवलंय ना तुम्हाला?"

"कुणी?" काकांनी विचारलं. मी जीभ चावली, पण शब्द गेला तो गेलाच.

काका आत आले, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही साडेआठला कुलूप घालून जाता. मी रीडिंगला यायचो अकराला. दाराला कुलूप आणि चकती फिरतेय. एका पंख्याएवढी."

"फ्रीज असेल."

"फ्रीज थांबत थांबत चालतो. पंखा सलग चालतो. आणि तुमच्याकडे फ्रीज नाही."

"वर्षभर बघत होतात, आणि कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलणार? कंपनीला आकडे हवे असतात." ते स्टुलावर बसले. चष्मा पुसत म्हणाले, "पलीकडच्या रस्त्याला मीटर घरात आहेत. तिथे एका घराला कायम कुलूप. मी एकदा वाजवायचो, वहीत लिहायचो 'दार बंद', आणि पुढे जायचो. सात महिने लिहिलं. आठव्या महिन्यात पोलिसांनी कुलूप तोडलं. आत सून होती त्या घरची, कोंडून ठेवलेली. वाचली, पण धड चालता येत नव्हतं तिला. नंतर मी भेटायला गेलो तर म्हणाली, काका, तुमच्या चपला मला दर महिन्याला ऐकू यायच्या. वाटायचं, हे आता दुसऱ्यांदा वाजवतील, मग मी हाक मारीन."

मी तोंडाला येईल ते बोलले. "माझ्या घराची त्या घराशी बरोबरी करता? मी तिला जपते! तुमची ती यादी कुठे लागते, सांगा ना. शाळेच्या भिंतीवर! कुणीही यावं, बोट फिरवावं आणि पत्ता घेऊन जावा. उद्या तो दारात उभा राहिला तर तुम्ही येणार आहात मधे पडायला?"

"यादी भिंतीवर लागते," काका म्हणाले. "खोटं कशाला सांगू? तुमची भीती खोटी आहे असंही मी म्हणत नाही. वडिलांच्या नावाने, माहेरच्या आडनावाने अर्ज करता येतो. पण ज्याला शोधायचंच आहे त्याला तेही सापडेल. ठरवायचं तिने." ते उठले आणि कोरा अर्ज शिलाईच्या मशीनवर ठेवून निघाले.

"थांबा काका," मागून आवाज आला. धाकटी मागच्या खोलीच्या दारात उभी होती.

"तू आत जा," मी म्हटलं.

ती आत गेली नाही. "ताई, तोही बाहेर जाताना कुलूप घालायचा," ती म्हणाली. "तेव्हा किल्ली त्याच्याकडे असायची. आता तुझ्याकडे असते."

तिचा स्वर साधा होता. चिडून बोलली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. दोन वर्षं जिला पंखाखाली घेतलं असं मी समजत होते, ती मला त्याच्या रांगेत उभी करत होती. मला राग आला आणि रडूही आलं.

अर्ज तिनेच भरला. पत्त्याच्या पुराव्याला विजेचं बिल चालणार होतं, पण ते माझ्या नावावर. काका म्हणाले, "तुम्ही लिहून द्यायचं, की ही माझी सख्खी बहीण, माझ्याकडे राहते. खाली सही." एवढंच लिहायचं होतं. मी दोन कागद फाडले, तिसऱ्यावर लिहिलं. सही इतकी वेडीवाकडी केली की काकांना म्हणावं लागलं, ताई, ओळखू येईल अशी करा.

यादी लागली त्या दिवसापासून मी कामावर जाताना शाळेवरून जायला लागले. भिंतीपाशी कोण उभं राहतं ते डोळ्यांत तेल घालून बघायची. एक माणूस फार वेळ बोट फिरवत होता. मी त्याला गाठलंच. "कुणाचं नाव शोधताय?"

"बायकोचं."

"कुठे असते ती?"

"घरी!" तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत दोन पावलं मागे सरला.

रविवारी धाकटी म्हणाली, मला माझं नाव बघायचंय. दोन वर्षांनी ती भर उन्हात रस्त्यावर आली. भिंतीच्या कडेकडेने चालत होती, आणि मी तिच्या पुढे-मागे, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं तोंड तपासत. शाळेच्या फाटकात टेबल मांडून एक कारकून दुरुस्त्या लिहून घेत होता. शेजारी काका रांग लावत होते. धाकटी यादीपाशी गेली, बोटाने नाव शोधलं, सापडलं, आणि ती जागच्या जागी ताठ झाली.

"काका!" ती ओरडली. "मला त्रेसष्ट वर्षांची केलीत तुम्ही!"

काका धावत आले. चष्मा वर, चष्मा खाली. चेहरा पार उतरला. "छत्तीसचे त्रेसष्ट?" ते पुटपुटले. "एकतीस वर्षांत माझा एक आकडा उलटा पडला नव्हता."

"मग आत्ताच कसा पडला? लगेच बदलून द्या!" रांगेतले लोक हसायला लागले. कारकून मान वर न करता म्हणाला, "नाव, पत्ता सांगा. जरा मोठ्याने, गलका फार आहे."

मी तिचं कोपर धरलं. तिने माझा हात हळूच बाजूला केला आणि सांगितलं. स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गल्ली, दुसरा मजला, घर नंबर चौदा. एवढ्या मोठ्याने सांगितलं की रस्त्यापलीकडची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. मी सगळीकडे पाहिलं, सगळ्यांची तोंडं पाहिली.

"घरी तपासायला माणूस येईल," कारकून लिहिता लिहिता म्हणाला. "दिवसा कुणी असतं का घरात?"

"असतं की," धाकटी म्हणाली. "मी असते. कधीही पाठवा, दार उघडंच असेल."